उजेडात तापवलेले कोयते

कवळतोड सुरू झाली. महाडहून पोलादपूरच्या एस.टी.त बसलं की दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर माणसं झाडांवर चढलेली दिसतात. खाली बायका तोडलेल्या डहाळ्यांचे भारे बांधत असतात. हे भारे वाळवायचे, शेताच्या एका तुकड्यावर पसरून भाजायचे आणि त्या राखेत भाताचं रोप करायचं. शहरातले पाहुणे हे बघून ‘झाडांची काय ही दशा’ म्हणून हळहळतात. आयता भात जेवणाऱ्याने अशी हळहळ करावी, हे मला कधीच पटलेलं नाही. पण आज झाडांबद्दल लिहायचं नाही, कोयत्याबद्दल लिहायचं आहे.

चांगला कोयता ऐनाच्या फांदीत शिरतो तेव्हा एकच आवाज होतो, आखूड आणि भरीव. बाजारच्या कोयत्याचा आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा, आणि एका फांदीला तो तीनदा ऐकू येतो. यंदा सगळ्या उतारांवर हाच पातळ आवाज आहे. गाडी चढणीला लागली, इंजिनाने दम घेतला, की तेवढ्या वेळात तो स्पष्ट ऐकू येतो. मला हा फरक कळतो यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. तो कसा कळायला लागला, ते सांगतो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. महाडची आम्ही पाच-सहा पोरं पत्रकं काढायचो. सायक्लोस्टाईलच्या शाईने बोटं काळी, आणि ती शाई भाकरीलाही लागायची. आमच्या पत्रकात साधा पूर्णविराम औषधाला सापडला नसता, जिथे तिथे उद्गारचिन्हं. माझे वडील कचेरीत कारकून. घरापासून चवदार तळं दहा मिनिटांवर. दर मार्चला तिथे लोक जमायचे, लॉऱ्यांतून, एस.टी.तून, पायी. त्या गर्दीत हातात येईल तो कागद वाचत मी मोठा झालो. लिहायला शाळेत शिकलो नाही, तिथे शिकलो.

त्या हिवाळ्यात आमच्या डोक्यात भट्टीवाडी आली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या खोबणीत सात घरं, त्यातली चार कुलपं लावून मुंबईला गेलेली. ही सगळी लोहारांची. त्यांचे पणजे-खापरपणजे डोंगरातला काळा जड दगड फोडून आणायचे, मातीच्या भट्टीत कोळशाबरोबर तीन-तीन दिवस जाळायचे, आणि त्यातून स्वतःचं लोखंड, स्वतःचं पोलाद काढायचे. वाडीमागच्या वरकस जमिनीत नांगर घातला की अजून त्या भट्ट्यांचा मळ वर येतो, काळा, फेसाळ, काचेसारखा. पुढे बाहेरचं लोखंड स्वस्त आलं आणि भट्ट्या विझल्या. मग ही माणसं लॉरीच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यांतून कोयते आणि विळे करू लागली. आता कोळशालाही परवाना लागत होता, आणि बाजारात कारखान्याचा कोयता येऊन बसला होता. तालुक्याच्या नावातच पोलाद आहे, आणि पोलाद करणाऱ्याला कोळसा मिळत नाही! असं मी पत्रकात लिहिलं. त्या वाक्यावर मी बेहद्द खूश होतो.

वाडीत साळ एकच चालू होती, धाकूबाबांची. साळ म्हणजे लोहारसाळ, भट्टीची झोपडी. धाकूबाबा सत्तरीकडे झुकलेले, भुवया कधीच्या जळून गेलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम थोडं नवल. मुलगा मुंबईला. भाता ओढायला सून, पारूवहिनी. मी पत्रक वाचून दाखवलं तेव्हा धाकूबाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “बरा हाय रे कागद. पेटतो चांगला?”

पारूवहिनी भात्यामागून हसल्या. “मामंजी, त्याला वाईट वाटंल.”

“वाईट कशापायी? ओला असंल तर धूर करील, म्हणून इचारलं.”

पहिल्या दिवशी पारूवहिनींनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला, ओट्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या. हातात दिला नाही. मी ते पाहिलं, पाणी प्यालो. पत्रकात ते लिहिलं नाही, कारण त्या पत्रकात लोहार हे शोषित होते आणि शोषितांची एकी व्हायची होती. आठ-दहा दिवसांनी तांब्या हातात यायला लागला. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

पत्रक वाचता न येणाऱ्यांचं काय करायचं, हा आमचा जुना प्रश्न. मार्चमध्ये तळ्यावर हजारो माणसं येतात, त्यातली किती वाचतात? तेव्हा मला चित्रांची कल्पना सुचली. हायस्कुलात चित्रकलेचे वैद्य सर होते, मुंबईला शिकून आलेले. वर्गात आंबा आणि तांब्या काढून घेण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. मी म्हणालो, सर, एक अख्खी जमात डोळ्यांसमोर संपते आहे, तुम्ही तांब्या कसले काढताय? शिक्षकाशी असं बोलू नये, पण सर दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर गाडीत होते.

कोयत्यांचे ते ऐन दिवस. आसपासच्या बारा गावांचे कोयते कवळतोडीच्या आधी साळीत येत, जुने पाजळायला, नवे घडवायला. त्याचे पैसे नसत. सुगीला प्रत्येक घरचं भात साळीकडे यायचं, आणि त्यावर धाकूबाबांचं घर वर्षभर चालायचं. त्या पाच-सहा आठवड्यांत कोयता टिकला तर गाव टिकलं. एवढा सरळ हिशोब. बाजारच्या कोयत्याला अजून कुणी हात लावत नव्हतं, पण येता-जाता बघत सगळेच होते.

सर साळीत वाकून शिरले आणि पाचच मिनिटांत डोळे चोळत बाहेर आले. “अरे, आत काही दिसतच नाही. आग दिसते आणि म्हाताऱ्याचे दात दिसतात. बाकी सगळं काजळ.”

खरं होतं. साळ म्हणजे बुटकी, गवताने शाकारलेली झोपडी, दार उत्तरेला, त्यावरही गोणपाट सोडलेलं. भिंतींना बोटभर काजळी.

मी म्हणालो, “वरचं गवत काढू. दक्षिणेकडचं. चार दिवसांचा प्रश्न आहे, परत शाकारून देऊ.”

धाकूबाबा हातातली सांडशी पुसत होते. म्हणाले, “साळीला उजेड चालत नाय रे पोरा.”

“का चालत नाही?”

“नाय चालत.”

“पण कारण?”

त्यांनी थोडा विचार केला. “आमच्या बापाच्या वक्तापासून नाय चालत.”

इथे मला थांबून सांगायला हवं, की हे उत्तर आमच्यासारख्या पोरांच्या कानात कसं शिरतं. बापाच्या वक्तापासून चालत आलंय, याच कारणाने माझ्या आजोबांना तळ्याचं पाणी बंद होतं. दुसरं कारण कुणी कधी दिलं नव्हतं. वहिवाट! या शब्दाविरुद्ध आम्ही वाढलो होतो. कुणी तो वेगळ्या शब्दांत जरी उच्चारला, तरी आमचं डोकं फिरायचं. मी धाकूबाबांना तिथल्या तिथे भाषण दिलं. अंधारात बसायची सवय लावून घेतलीत म्हणून तुम्ही कुणाला दिसत नाही, असं म्हणालो. जगाला दिसायचं असेल तर छप्पर उघडा, असंही म्हणालो. चांगलं भाषण होतं. सरांनी मान हलवली.

धाकूबाबांनी सरांकडे पाहिलं. “मास्तर येवढं लांबनं आल्यात,” ते म्हणाले. “त्यांचं काम आडाय नको.”

गवत मी स्वतः वर चढून काढलं. काढताना वर्षानुवर्षांची काजळी अंगावर सांडली. मग उन्हाची एक तिरकी फळी सरळ ऐरणीवर येऊन पडली. साळीत कधी कुणी न पाहिलेल्या गोष्टी दिसू लागल्या. भात्याच्या कातड्याला मारलेली ठिगळं, कोपऱ्यातला हळदकुंकू लावलेला जुना घण, पारूवहिनींच्या पायांवरचे ठिणग्यांचे डाग. सर वेड्यासारखे कागदामागून कागद भरत होते. मला वाटलं, हे मी केलं.

चार दिवस तसे गेले. काम थांबवता येत नव्हतं, दारात तीन गावांचे कोयते पडलेले. धाकूबाबा त्या उन्हाच्या फळीत काम करत होते, पण एक नवीनच करायला लागले होते. कोयता पाणी पाजायला काढायची वेळ आली, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवायची, की ते डोक्यावरून घोंगडी ओढून घेत आणि आगीवर ओणवे होत. पार भट्टीत तोंड घालतील असं वाटावं.

“वा! बाबा, असेच राहा! हलू नका!” सर ओरडले.

पारूवहिनी भाता न थांबवता म्हणाल्या, “ऱ्हातील वो मास्तर, पन कोयता ऱ्हायला नको का तसा?”

आम्ही हसलो. सरांनी ते चित्र काढलं. पुढे तेलरंगात मोठं केलं तेही हेच.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. कोळशाचा, तापल्या लोखंडाचा, घोंगडीची लोकर करपल्याचा. दुपारी पारूवहिनी कुळथाचं पिठलं करायच्या आणि आम्ही तिघं पुरुष साळीबाहेर आंब्याखाली बसून जेवायचो. धाकूबाबा सरांना विचारायचे, आंबा काढता तो खायचा का बघायचा? समोरच्या उतारावर कवळतोड सुरू झालेली असायची. धाकूबाबा घास हातात धरून ऐकायचे. “ह्यो माझा,” म्हणायचे. “त्यो पन माझा. त्यो पल्याडला माझा नव्हं, त्यो चोराचा दिसतो.” मी पहिल्यांदा तो आवाज ओळखायला शिकलो तो असा, पिठल्याबरोबर. चार दिवसांनी मी छप्पर परत शाकारून दिलं आणि आम्ही महाडला आलो.

पंधरा दिवसांनी पत्रकाचा नवा गठ्ठा घेऊन मी वाडीत गेलो, तर साळीच्या दारात खालच्या गावचा महादू शेतकरी उभा होता. कमरेमागच्या लाकडी आकडीतून त्याने कोयता काढला आणि धाकूबाबांसमोर धरला.

“बाबा, ह्या कोयत्याला दात फुटायला लागल्यात. दूधभात चारू का?”

पात्याच्या धारेत करंगळीच्या नखाएवढे तीन तुकडे नव्हते.

“दगडावर मारलास?” धाकूबाबांनी विचारलं.

“ऐनावर मारला. बायकोच्या भावाचा पन तसाच. आनि सदूचा तं मधनंच गेला, पायावर पडता पडता वाचला. आवंदा काय झालंय काय तुमाला?”

धाकूबाबांनी कोयता घेतला, ऐरणीवर आडवा धरला आणि घणाच्या एका ठोक्यात मोडला. पोलाद असं मोडत नाही, वाकतं, एवढं मलाही तोवर कळत होतं. मोडलेली कड त्यांनी दाराशी नेऊन बघितली. मग मला बोलावलं. कडेत खडे चमकत होते, जाड साखरेसारखे.

“पिठावानी पायजे,” ते म्हणाले. “ही साखर झाली.”

“म्हणजे?”

“ज्यास्ती तापलं. लाल झालं की काढायचं आनि पान्यात घालायचं. पिवळ्याला जाऊ द्यायचं नाय. अंधारात लाल दिसतं. उन्हात लाल दिसतच नाय रे, काळंच दिसतं. लाल दिसंस्तोवर थांबलं, तं ते पिवळं झालेलं असतं.”

घोंगडी कशासाठी होती, ते तेव्हा कळलं. भर उन्हात, आम्ही हसत असताना, तो म्हातारा वीतभर अंधार शोधत होता. दारातल्या कोयत्यांमुळे हात थांबवता येत नव्हता आणि पाहुण्यांना छप्पर झाका म्हणता येत नव्हतं.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी चिडून विचारलं. मी चिडलो होतो, याची आज लाज वाटते.

“सांगितलं की,” धाकूबाबा म्हणाले. “चालत नाय म्हनून सांगितलं.”

त्यांनी दुसरा शब्द वापरला नाही. पन्नास वर्षं डोळ्यांनी केलेल्या कामाला शब्द लागतातच कशाला! कारण विचारणारा त्यांना कधी भेटला नव्हता, आणि मी विचारलं ते ऐकून घेण्यासाठी नव्हतं, जिंकण्यासाठी होतं. बापाच्या वक्तापासून या शब्दांमागे कधी अन्याय असतो आणि कधी बापाचे डोळे असतात. ते वेगळं करायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायची आम्हाला गरजही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूबाबा त्या तीन गावांना निघाले. घरोघर जाऊन कोयते परत मागायचे, पुन्हा घडवून द्यायचे. मी बरोबर गेलो. पहिल्या गावात महादूने पुढे होऊन सगळे गोळा करून दिले. दुसऱ्या गावात पारावर माणसं बसली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “चूक बाबांची नाही. माझी आहे. मी छप्पर काढलं.”

एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तू कोन?”

मी नाव सांगितलं, महाडचा म्हणून सांगितलं.

“कोयता कोनाच्या हातचा?”

“बाबांच्या.”

“मग तू मधी कशाला बोलतोस?”

वाटेत धाकूबाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “परत असं बोलू नको. कोन तरी आला आनि लोहाराचं छप्पर काढून गेला, आनि लोहार बघत बसला. ह्ये बरं दिसतं काय? कोयता माझा. वंगाळ झाला तरी माझाच.”

माझी चूक कबूल करायची सोयसुद्धा मला राहिली नाही. सगळ्या भांडणांत दोष दुसऱ्याचा म्हणून ओरडणाऱ्या माणसाला दोष आपल्या अंगावर घ्यायचा होता, आणि तो कुणी देत नव्हतं.

त्या गावातून चार कोयते मिळाले. तिसऱ्या गावात एकही नाही. कवळतोड कुणासाठी थांबत नाही. तिथली माणसं पोलादपूरच्या बाजारात जाऊन आली होती, आणि कमरेच्या आकड्यांत नवे, निळ्या रंगाच्या मुठीचे कोयते लटकत होते. पुढच्या सुगीला त्या दोन गावांचं भात साळीकडे आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चार गावांचं. कुणी भांडलं नाही, कुणी तोडून बोललं नाही. नुसतं आलं नाही.

माझे मित्र म्हणतात, साळ तशीही बंद पडली असती. कोळशाचा परवाना, कारखान्याचा माल, मुंबईला गेलेली पोरं, या सगळ्यापुढे तुझे चार दिवस म्हणजे काय? बरोबर आहे. पत्रकात मीही असंच लिहिलं असतं. पण तिसऱ्या गावच्या लोकांनी परवान्यामुळे कोयता बदलला नाही. धार उडाली म्हणून बदलला.

मार्चमध्ये आम्ही तळ्याजवळ रस्त्याकडेला दोऱ्या बांधून चित्रं लावली. सगळं छापून झालं होतं, जागा ठरली होती. खरं म्हणजे थांबवायची हिंमत झाली नाही. माणसं रांगेने बघत गेली. लहान पोरांना बाप खांद्यावर घेऊन दाखवत होते, हे बघ, भाता. घोंगडीवाल्या चित्राशी सगळ्यात गर्दी. पांढऱ्या साडीतल्या एका आजीने त्याला हात जोडले. कुणी मास्तर म्हणाले, कष्टाची पूजा ही! धाकूबाबा आले नव्हते, पारूवहिनी शेजारणीबरोबर आल्या होत्या. त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारीण म्हणाली, “देवाला नमल्यात गो तुझे मामंजी.”

“देव नाय तितं,” पारूवहिनी म्हणाल्या. “कोयता बघत्यात. दिसत नाय त्यांना.”

सर माझ्याशेजारी होते, त्यांनी ऐकलं. त्यांना मी तोवर काही सांगितलं नव्हतं, तिथेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मी जे दिसलं ते काढलं रे.” सरांचा यात काय दोष! ते चित्र पुढे मुंबईच्या प्रदर्शनात लागलं. त्यातल्या प्रकाशाबद्दल पेपरात छापून आलं, छपरातून उतरणाऱ्या उन्हाबद्दल. एका संपणाऱ्या जमातीचा मोलाचा दस्तऐवज, असंही. कात्रण सरांनी मला दिलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. दस्तऐवज तर तो आहेच. काय बुडालं ते त्यात आहे, आणि कशाने बुडालं तेही आहे, अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातून ऊन आत येताना. बघणाऱ्याला ते सुंदर दिसतं.

साळ आणखी तीन हंगाम चालली. शेवटी वाडीतल्या विळ्यांपुरती. मग धाकूबाबांनी भाता उतरवला. मुलगा मुंबईला या म्हणत होता, ते गेले नाहीत. घरी असतात, दिसतं कमी. पारूवहिनी दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करतात. मी अजून पत्रकं काढतो. महाडजवळ कारखान्यांसाठी जमिनी मोजायला माणसं यायला लागली आहेत, लिहायला विषय कमी नाहीत. पण हल्ली कुणी ‘चालत नाही’ म्हणालं, की मी वाद न घालता दुसऱ्यांदा विचारतो. आमची नवी पोरं म्हणतात, तू मऊ पडलास. पडलो असेन.

मागच्या मंगळवारी पोलादपूरच्या बाजारात मला पारूवहिनी दिसल्या, हत्यारांच्या दुकानासमोर. निळ्या मुठीच्या कोयत्यांचा ढीग उपसून त्या एकेक हातात घेत होत्या. नखाने धार बघायच्या, पातं बोटावर तोलून दुसऱ्या बोटाने टिचकी मारायच्या, कान लावायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

दुकानदार वैतागला. “ओ बाई, कोयता घ्यायचाय का वाजवायचाय?”

“वाजल्याबिगार कळतो काय?” त्या म्हणाल्या. “हे सगळे मुके हायत.”

दहा-बारा झाल्यावर एक त्यांनी वेगळा काढला, पुन्हा वाजवला आणि पदराखाली घेतला. वळल्या तेव्हा मी समोर.

“कवळ तोडाय लागतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “दात आल्यात जुन्याला.”

“बरा आहे का हा?”

“ह्या ढिगात बरा.” त्यांनी पदर नीट केला. “घरी याल तवा बोलू नका हां. मामंजींना मी अजून घरचाच वापरते म्हनून सांगते.”

मी बोलणार नाही म्हणालो. धाकूबाबांना वाचता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.